आईच्या पेटीतलं पाणी

बसा साहेब. जिन्याची खालची पायरी हलते, आधी सांगायला हवं होतं. थांबा, दिवा लावते. दुपारचे बारा वाजलेत हे मलाही कळतं, पण या धुरात समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याचं तोंड मला दिसावं लागतं. हं, आता बरं. हे घ्या पाणी. रंग बघून बिचकू नका. आमच्याकडचं पाणी असंच, कोऱ्या चहाच्या रंगाचं. पानांत, मुळांत मुरलेलं असतं. जन्मापासून तेच पितोय.

तुम्ही का आलात ते अख्ख्या तुंबांग सालुआ गावाला ठाऊक आहे. जुनी कंपनी विकली गेली, फाटकावरची पाटी बदलली, पामची झाडं तीच आणि साहेब तेवढे नवे. कालव्यात ओंडके आणि माती टाकून गावानं बांध घातलाय, तो तुम्हाला फोडायचा आहे. बांध आमच्या जमिनीला लागून आहे, म्हणून माझा होकार हवा. बरोबर ना? मला सरळ 'नाही' म्हणता येतं. पण एवढ्या धुरातून आलात, नुसतं 'नाही' घेऊन कशाला जाता? आम्ही एकदा आईला आणायला गेलो होतो, त्या दिवसाचं सांगते. ऐका, मग बोलू.

सकाळी निघालो तेव्हा काम साधंच होतं. मी भात बांधून घेतला, बरोबर खारवलेली मरळ. नवं पांढरं कापड, पितळी परात, दोन फावडी आणि एक लांब लोखंडी सळई. बरोबर माझा धाकटा भाऊ लांपांग आणि न्यारिंगमामा. गावातली थडगी उघडण्याचं काम न्यारिंगमामाचं. बापाकडून त्याच्याकडे आलेलं. म्हातारा मोठा थट्टेखोर. लांपांग कंपनीचं पोकलेन चालवायचा, तेव्हा त्याच्या हातात फावडं बघून मामा म्हणाला, "काय पोकलेनवाले, दांडा कुठल्या बाजूला असतो, आठवतंय का?"

"मामा, आज नको," लांपांग म्हणाला.

"आज नको तर कधी? तुझ्या आईलाही हसायला आवडायचं."

आई वारून सात वर्षं झाली होती. आमच्यात माणूस मेला म्हणजे गेला असं होत नाही, साहेब. आधी त्याला जमिनीत ठेवायचं. मग सगळ्या घरांचं जमलं, डुकरं, म्हशी, तांदूळ गोळा झाले, की हाडं वर काढून तिवाह करायचा. गाणारे पुजारी त्याला गाऊन गाऊन पलीकडे पोचवतात. तोवर तो इथंच. तोवर त्याला भूक लागते, तहान लागते. आणि पोचवायचं ते हाडांसकट. हाडंच नसतील तर पोचवणार काय? तो माणूस मग कायमचा दोन्हीकडून गेला. आणि त्या वर्षी आग जमिनीखालून चालत आमच्या मसणवटीपर्यंत आली होती. म्हणून तिवाह ठरलेला नसतानाही आईला आणायला निघालो. एवढंच हवं होतं मला. आईची हाडं, घरी.

आमच्या आईचा एक बेजे होता. दलदलीत खणलेलं लांबोडकं तळं. पावसात सगळीकडे पाणी चढलं की मासे रानभर फिरायचे, पाणी उतरलं की बेजेत अडकायचे. मरळ, मांगूर, हातानं धरावेत एवढे. त्या एका तळ्यावर तिनं आम्हाला वाढवलं. तुमच्या नकाशात त्या जागेला 'पडीक' लिहिलेलं असतं ना? पडीक! जिच्यात पाय टाकला की मांडीपर्यंत पाणी, जिच्या खाली किती पिढ्यांची पानं नि खोडं भिजून पडलीयत याचा पत्ता नाही, ती पडीक. आणि तिच्यातलं पाणी काढून टाकून एकाच जातीची झाडं रांगेत उभी केली की ती कामाची.

पोकलेन आलं तेव्हा आई त्याच्या वाटेत जाऊन बसली. ओल्या जमिनीवर मांडी घालून. "मागं फिर," ती म्हणाली, "हे पाणी माझं आहे. मी देणार नाही." आणि पोकलेनवर कोण होतं? तिचाच मुलगा. लांपांगनं त्या दिवशी यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बेजेला वळसा घालून पलीकडून कालवा खणला. आईच्या अंगाला धक्का लावला नाही हो, मोठं पुण्य केलं! पाणी बिचारं उताराकडे गेलं. एका उन्हाळ्यात बेजे कोरडा पडला.

पेला रिकामा झाला वाटतं. द्या इकडे. धुरानं घसा कोरडा पडतोच.

मग मोठ्या धुराचं वर्ष आलं. कोरडी पडलेली दलदल पेटली, म्हणजे पेटवली, कोणी आणि कशाला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. महिनाभर सूर्य तांबड्या टिकलीएवढा दिसायचा. शाळा बंद. घरोघरी खोकला. आणि कंपनीनं काय केलं सांगू? तोंडाला बांधायची फडकी वाटली. त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलेलं. आमची तोंडंसुद्धा तुमच्या जाहिरातीला! आणि बाटलीबंद पाण्याची खोकी. आमचं पाणी काढून नेलं आणि बाटलीत घालून दुसऱ्याचं आणून दिलं.

आई त्या धुरातच गेली. श्वास पुरेना. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "कांबांग, माझ्या बेजेचं पाणी दे." मी घागर घेऊन पळत गेले. बेजेच्या तळाला भेगा, भेगांत माशांची वाळकी डोकी. रिकामी घागर घेऊन परत आले तर लांपांग तिच्या ओठाला बाटली लावून बसला होता. "आई, पी ना... थंड आहे, चांगलं आहे..." तिनं ओठ मिटून घेतले. पाणी गळ्यावरून उशीवर सांडलं. ती तशीच गेली, तहानलेली. अजूनही बाटलीचं झाकण कडकन मोडलेलं ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं.

आम्ही तिला ओंडका कोरून केलेल्या पेटीत ठेवलं, पुरुषभर खोल खड्ड्यात. उशाशी उलिनच्या लाकडाचा खांब, खालची चिकणमाती लागेपर्यंत ठोकलेला. असा खांब हलत नाही, कुजत नाही. खांब जमिनीतून जिथं वर येतो तिथं त्याला खाच पाडायची, ही आमची पद्धत. पुढच्या वर्षी खाच जमिनीच्या वर वीतभर. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्याशी. सगळ्याच खांबांचं तसं. न्यारिंगमामा म्हणाला, "मेलेले उठून उभे राहतायत. तिवाहची घाई करतायत." गावाला पटलं. मलाही पटलं. आम्ही कोंबड्या कापल्या, तांदूळ उधळले, खांबांना हात जोडले. थांबा म्हटलं, गरिबी आहे, थोडं थांबा.

खांब वाढत नव्हते, साहेब. जमीन बसत होती. पाणी काढलेली जमीन आकसते, भुगा होते, हवेत उडून जाते. आमच्या पायाखालून जमीन जात होती आणि आम्ही खांबांची समजूत घालत होतो. लांपांगला माहीत होतं. तिकडे पामची झाडं मुळं उघडी पडून कलंडायला लागली होती, कंपनीत त्यावर बोलणी व्हायची. हा घरी यायचा नि मुकाट जेवायचा.

तर त्या दिवशी कालव्याच्या कोरड्या काठानं चालत गेलो. कालव्यात होडी जाईल एवढंही पाणी नव्हतं, नुसती काळी साय. सूर्य होता पण उजेड नव्हता. सगळं पिवळं, जुन्या फोटोतल्यासारखं. माणूस दहा पावलं पुढं गेला की दिसेनासा व्हायचा, म्हणून मामा पुढून सारखा खाकरत होता, आम्हाला कळावं म्हणून. पाखरू नाही. बेडूक नाही. जमिनीतून मात्र आवाज येत होता, बारीक, चुरचुर. लांपांग थांबला.

"काय आहे ते?"

"आग," मामा म्हणाला. "मुळं खातेय. पाय उचलून चाल. मी ठेवतो तिथंच ठेव."

वरून काही दिसत नाही, हेच वाईट. वर गवत असतं, पाला असतो, आणि खाली पोकळ निखारा. मामा सळई खुपसून बघायचा, सळईचं टोक हाताला लावून बघायचा, मग पुढचं पाऊल. माझ्या चपलेचा तळ मऊ पडला होता. वास कसला म्हणून सांगू? ओल्या लाकडाचा, जळक्या केसांचा, आणि त्यात कुठंतरी मासे भाजल्याचा.

मसणवटीत पोचलो आणि मामाचं खाकरणं थांबलं.

खांब होते. उलिनचे खांब, काळे पडलेले, पण सगळे उभे. खाली जमीन नव्हती. जिथं जिथं माणूस ठेवला होता तिथं तिथं राखेची खळगी. पेट्या आधीच उघड्यावर आलेल्या, मग जळलेल्या. मामा एका खांबापाशी गेला. ती त्याची बायको. तिचा तिवाह व्हायचा होता. त्यानं खाली वाकून राखेत हात फिरवला, बराच वेळ, तांदळातला खडा शोधावा तसा. काही लागलं नाही. मग उठला, हात पुसले नाहीत, आणि म्हणाला, "चला. तिउंगचं बघू."

मी साठीची होत आले साहेब, पण त्या म्हाताऱ्याच्या त्या 'चला'नं जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही. ओरडावं कुणावर? तिथं कुणीच नव्हतं.

तिउंग म्हणजे माझी आई. तिचा खांब शेवटचा, बेजेच्या बाजूला. त्याची खाच माझ्या छातीशी आली होती. मामानं सळई खुपसली, बाहेर काढली आणि टोक धरलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हात लाव."

सळई थंड होती. आणि ओली.

चारी बाजूंनी जमीन धुमसत होती. खांबाभोवती पेटीएवढाच तुकडा काळा, ओलसर, वर हिरवं शेवाळं. आम्ही खणायला लागलो. गुडघ्याएवढंच खणावं लागलं. पेटीचं झाकण लागलं, फुगलेलं, गार. मामानं पहारीसारखी सळई लावली आणि झाकण सरकवलं.

पेटी काठोकाठ पाण्यानं भरलेली होती.

काळं, स्वच्छ, स्थिर पाणी. आमच्या तिघांची तोंडं त्यात दिसत होती. आजूबाजूच्या कालव्यात, बेजेत, विहिरीत, कुठंही टिपूस नव्हता, आणि एका ओंडक्याच्या पेटीत हे पाणी. पाण्यात काहीतरी हललं. लांपांग मागे सरला.

"मामा... आत..."

"मासा आहे," मामा म्हणाला. "मरळ आहे." पण त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, जिंकलीस बाई. देणार नाही म्हणाली होतीस, नाही दिलंस. मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून रडले, आणि त्या धुरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मामानं बाह्या सारल्या. "पाणी सांडायचं नाही," तो म्हणाला. "जे तिचं ते तिच्यापाशी. हाडं तेवढी एकेक वर काढतो, मग झाकण लावू." त्यानं कोपरापर्यंत हात घातला, आणि तेवढ्यात मागून माणसांचे आवाज आले.

हेंद्रा साहेब. तुमच्याच खुर्चीवरचा आधीचा माणूस. बरोबर चार मजूर, खांद्यावर पंप, पाइपाची वेटोळी. आग त्यांच्या नव्या पामच्या रांगांकडे वळली होती आणि त्यांना कुठंच पाणी मिळत नव्हतं. कसं मिळेल? तुम्हीच काढून नदीत सोडलंत ना? साहेब घामानं निथळत होता, तोंडावर तेच नाव छापलेलं फडकं.

"लांपांग? तू इथं काय करतोयस? तिकडे सगळे शोधतायत तुला..." आणि मग त्याला पेटी दिसली. तो वाकला. बोट बुडवून बघितलं. "पाणी आहे! अरे, खाली झरा आहे इथं! पाइप टाका रे."

मी आडवी आले. "साहेब, ही कबर आहे. आई आहे माझी."

"मावशी, आईला कोण हात लावतंय? फक्त पाणी घेतो. तुमची आई राहील जागच्या जागी."

"हाडं काढू द्या. थोडा वेळ द्या फक्त," मामा म्हणाला. त्याचा हात अजून पाण्यातच होता.

"वेळ कुठाय आजोबा? रोपं जळतायत तिकडे! मेलेल्या माणसाचं काय नुकसान होणारेय?" साहेब वळला. "लांपांग, पंप चालू कर."

लांपांग पंपाकडे गेला. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं. पुन्हा तेच. आता हा आईला न दुखवता वळसा घालणार. त्यानं पंपाच्या दोरीला हात लावला, आणि सोडून दिला.

"नाही साहेब."

"काय म्हणालास?"

"माझी आई आहे ती. नाही."

साहेब हसला. वाईट माणूस नव्हता तो, हे सांगते. मुलांना गोळ्या द्यायचा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा. त्याला फक्त आमचं काहीही खरं वाटायचं नाही. त्यानं स्वतः पुढे होऊन दोरी ओढली.

पंप धडधडायला लागला. मजुरांनी पाइपाचं टोक पेटीत सोडलं, दुसरं टोक आगीकडे धरलं. काळं पाणी भसाभस बाहेर पडलं. पाण्याबरोबर मासे. मरळ, मांगूर, जिवंत, हाताएवढे. पाइपाच्या पेटीतल्या टोकाला जाळी होती साहेब, तिच्यातून करंगळी गेली नसती. मासे गरम राखेवर पडून उडत होते. मजूर पाइप टाकून पळाले. एकानं तर चप्पलही घेतली नाही.

आणि ते पाणी आगीवर पडत होतं, तरी चर्र असा आवाज नाही. वाफ नाही. जमीन ते नुसतं आत घेत होती. पेटीतलं पाणी मात्र बोटभरही उतरलं नाही.

"बघा!" साहेब पंपाच्या आवाजावरून ओरडला. त्यानं स्वतः पाइप उचलून धरला होता, आनंदानं. "बघा मावशी, तुमची आई किती कामाची आहे ते!"

मग त्याला तहान लागली. लागणारच, त्या उष्णतेत. त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं, ओंजळ धरली, आणि प्यायला.

मी तुम्हाला जे सांगतेय ते मी कानांनी ऐकलंय. पंप तेव्हाच बंद पडला, तेल संपल्यासारखा. सगळं गप्प झालं. जमिनीतली चुरचुरसुद्धा थांबली. पाइपातून बारीक धार येत राहिली, साहेब ओंजळीनं पीत राहिला. त्याचा गळा हलताना दिसत होता, वर, खाली. पण घोटाचा आवाज त्याच्याकडून येत नव्हता.

पेटीतून येत होता.

घट्... घट्... घट्... खूप वर्षांनी पाणी मिळालेल्या माणसाचे मोठमोठे घोट. साहेबाचा गळा हलला की पेटीत घोट. आणि प्रत्येक घोटाला पेटीतलं पाणी थोडं उतरायचं. आता उतरायला लागलं होतं. मामानं हात झटकन वर काढला.

"साहेब," लांपांग हळू म्हणाला, "पुरे... साहेब, पुरे..."

"तहान," साहेब म्हणाला. "भागत का नाही? किती..." आणि पुन्हा ओंजळ. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. पाणी पितानाच पडत होत्या, आमच्या डोळ्यांदेखत. तो पाइप टाकून गुडघ्यावर आला, खड्ड्याशी सरकला, आणि पेटीत तोंड घालून प्यायला लागला. लांपांगनं त्याची कंबर धरून ओढलं तरी सुटेना.

शेवटचा घोट वाजला तेव्हा पेटी कोरडी होती. तळाशी आईची हाडं. पांढरी, स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखी, एकही कमी नाही. मामानं पांढरं कापड पसरलं आणि एकेक उचलून परातीत ठेवलं. माझ्या हातात कवटी देताना म्हणाला, "जड आहे. सांभाळून धर." कोरड्या कवटीला तसं वजन नसतं, साहेब. मीही आजवर पुष्कळ धरल्या आहेत.

हेंद्रा साहेबांना लांपांगनं पाठीवर घेतलं. वाटेत तो एकच सांगत होता, अक्का, यांना वजनच नाही. शहरातल्या इस्पितळात सुया लावून बाटल्यामागून बाटल्या चढवल्या म्हणे. उशाशी पाण्याचा जग भरून ठेवावा लागे. तो प्यायचा आणि मागायचा. लांपांग एकदा भेटून आला, मग परत गेला नाही. पुढे त्याच्या घरचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. सुकलेल्या नारळाच्या शेंडीसारखा झाला होता, असं लांपांग म्हणाला. डॉक्टरांना काही समजलं नाही.

मला त्याची दया आली का? आली. थोडी. मग न्यारिंगमामाचा राखेत फिरणारा हात आठवला आणि गेली.

परत आल्यावर लांपांगनं पहिला ओंडका कालव्यात टाकला. मग गावानं टाकले. मामानं राखेची एक मूठ त्या बांधाच्या मातीत मिसळली, ती कुणाची ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या पावसात पाणी थांबलं, आणि बेजे भरला. तो बांध तुम्हाला फोडायचाय.

तिवाह? नाही झाला अजून. गावातल्या बाकी घरांकडे पाठवायला हाडंच उरली नाहीत, एकट्या आईला कसं पाठवायचं? पुजारीही तयार होईनात. म्हणून ती इथंच आहे. तुमच्या पाठीमागची खोली, पडद्याआड, लाकडी पेटीत. तोवर तिला भूक लागते, तहान लागते, हे मघाशी सांगितलंच. आणि एका पेटीभर पाण्यानं सात वर्षांची तहान कुठं भागते?

हो, तुम्ही पिताय ते बेजेचंच. दुसरं पाणी आमच्याकडे नसतं. मी प्यायले, लांपांग पितो, मामा पितो, आम्हाला कधी काही झालं नाही. पण तुम्ही आल्यापासून घागर उपडी होत आली, साहेब. मी मोजत नव्हते, पण दिव्याच्या उजेडात तुमचे ओठ दिसतायत मला.

थांबा, उठू नका. आणखी एक घोट घ्या, आणि या खेपेला गिळताना जरा कान द्या. माझ्याकडे नका बघू... पडद्याकडे बघा.

ऐकलंत?